जहाजाला ब्रेक नसतो

मोठे जहाज थांबवायचे तर इंजिन उलटे फिरवावे लागते. तरीही ते स्वतःच्या वजनाच्या जोरावर बरेच अंतर पुढे जात राहते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2002 च्या निकषांनुसार हे अंतर सर्वसाधारणपणे जहाजाच्या लांबीच्या 15 पटींहून अधिक नसावे. म्हणजे 300 मीटरच्या जहाजाला साडेचार किलोमीटर लागले तरी ते निकषात बसते.

वळणेही सोपे नाही. सुकाणूचा जोर त्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो. वेग उतरला की तो कमी होतो. उथळ पाण्यात जहाज अधिक खाली बसते आणि वळणाचे वर्तुळ मोठे होते. अरुंद कालव्यात जहाजाचा मागचा भाग जवळच्या काठाकडे ओढला जातो.

म्हणूनच निर्णय खूप आधी घ्यावा लागतो, आणि तो माणूस घेतो. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले. 32 जणांचा जीव गेला. कप्तानाने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले होते. ऐन क्षणी सुकाणूवरच्या खलाशाने एक आज्ञा उलटी पाळली. ब्रिजवरच्या, म्हणजे नियंत्रणकक्षातल्या, अधिकाऱ्यांनीही कप्तानाला वेळीच रोखले नाही.

सुकाणूची प्रत्येक आज्ञा मोठ्याने परत म्हणणे, शंका आल्यास कनिष्ठानेही कप्तानाला टोकणे आणि 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळणे, हे नियम याचसाठी आहेत. ते काटेकोर पाळले गेलेच पाहिजेत. समुद्रात चूक सुधारायला जागा फार थोडी असते.