चाळिशीत मूल्यांकनाकडे वळताना

साइटच्या धावपळीला कंटाळलेले सिव्हिल इंजिनिअर हल्ली मालमत्ता मूल्यांकनाचा विचार करतात. विचार वाईट नाही, पण वाट सगळ्यांना खुली नाही. कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत मूल्यांकनकार व्हायचं, तर 2017च्या नियमांनुसार जमीन-इमारत या वर्गासाठी स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय 50 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा; पास व्हायला 60 टक्के. नुसत्या इस्टेट एजंटगिरीच्या जोरावर इथे शिरकाव नाही.

प्रत्यक्ष काम फ्लॅट बघून आकडा सांगण्याचं नसतं. मालक बंद केलेली बाल्कनी बेडरूममध्ये धरतो. तुम्ही मंजूर नकाशा धरायचा. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमीन भाडेपट्ट्याची तर नाही ना, हे पाहायचं. रेडी रेकनरचा दर मुख्यतः मुद्रांक शुल्कासाठी. बाजारभावासाठी शेजारच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचे उतारे, काढून मजला, इमारतीचं वय, रस्ता यांचा फरक वजा-अधिक करावा लागतो. वडिलोपार्जित घर विकणाऱ्याला भांडवली नफ्यासाठी 1 एप्रिल 2001ची किंमत हवी असते. हे खरं डोक्याचं काम.

नोंदणी झाली म्हणून कामं येत नाहीत. बँकांच्या पॅनलवर जायला वेगळे अर्ज, वेगळ्या अटी. आणि ‘साहेब, लोनपुरतं बसवून द्या’ म्हणणारे भेटतातच. नोकरी सोडण्याआधी एखाद्या जुन्या मूल्यांकनकाराबरोबर शनिवारी फिरून पाहावं.