कबीर, अकबर आणि 'पेक्षा'

तरावीहची नमाज आटोपून भाच्यासोबत चिखलीतल्या घराकडे चालत होतो. तो चाकणच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार आहे. दुसरी पाळी असली की रोजा कारखान्यातच, डब्यातल्या खजुरावर सोडतो. त्या दिवशी सुट्टी होती, तरी चेहरा उतरलेला.

"मामू, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लागलेला पोरगा कायम झाला," तो म्हणाला. थोडे चालल्यावर त्याने विषय बदलला. "नमाजमध्ये इतक्या वेळा 'अकबर' म्हणतो. आमच्या दादांचं नाव कबीर. दोन्हींचा अर्थ मोठाच ना?"

"तुझ्या मशीनची डाय बदलली की काय होतं?" मी विचारले.

"पत्रा तोच, आकार वेगळा."

अरबी विशेषणाचे तसेच आहे. मराठीत तुलना करताना 'मोठा' हा शब्द तसाच राहतो. 'पेक्षा' किंवा 'सर्वांत' बाहेरून जोडावे लागते. अरबीत शब्दाचा साचाच बदलतो. मूळ तीन व्यंजने तीच राहतात, आधी 'अ' लागतो आणि आतले स्वर बदलतात. कबीर म्हणजे मोठा, अकबर म्हणजे अधिक मोठा. सगीरचा असगर, शरीफचा अशरफ, करीमचा अकरम, अजीमचा आझम. याच रूपांची स्त्रीलिंगे कुब्रा, सुग्रा, उज्मा. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी नावे अशी तुलनेतून आली आहेत. मात्र रंगांना हा नियम नाही. 'हजरे अस्वद'मधला अस्वद दिसतो याच साच्यातला, पण त्याचा अर्थ नुसता काळा.

आपल्या 'पेक्षा'चे काम अरबीत 'मिन' करतो. नमाज झोपेपेक्षा उत्तम, असे पहाटेची अजान सांगते. शबे कद्र हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ, असे कुरआन सांगते. दोन्हीकडे 'खैर' आणि 'मिन' आहेत. 'खैर' हा या नियमाचा अपवाद. तो 'अ' न लावताच तुलना करतो.

"पण 'अल्लाहु अकबर'मध्ये 'मिन' कुठे आहे?" भाच्याने बरोबर पकडले.

तिथे तो नाही. कशापेक्षा मोठा, हे सांगितलेलेच नाही. जे जे मनात आणाल, त्याहून मोठा.

मग त्याला सूरह हुजुरातची 13वी आयत सांगितली. माणसांच्या जमाती आणि कबिले केले ते परस्परांची ओळख पटावी म्हणून, असे तिथे म्हटले आहे. त्यापुढे तुलनेची दोन रूपे येतात, अकरम आणि अतका. अल्लाहपाशी सर्वांत सन्माननीय तो, ज्याचा तकवा, म्हणजे ईशभय आणि संयम, सर्वांत अधिक. 'सर्वांत' हे पद तिथे कुळाला मिळत नाही, की हुद्द्याला. रोज्याचा हेतू म्हणून सूरह बकरामध्ये सांगितला आहे तोही तकवाच.

"म्हणजे कायम नसलो तरी चालेल?" तो हसला.

"नाही रे. तो हक्क मागायचाच. पण कायम झालेल्या पोरापेक्षा तू कमी आहेस, हे मनातून काढून टाक."

दुसऱ्या दिवशी पाळीला निघताना त्याने डब्यात जास्तीचे खजूर भरले. कोणासाठी, म्हणून विचारले.

"त्याच्यासाठी. तोही रोजे धरतो."