घाट विसळायचा कसा?

पूर ओसरल्यावर काशीला जायला मिळालं ना, तर भोसले घाटावर जरूर जा. तिथे एक भलंमोठं विसळणं बघायला मिळेल. वाटी नाही, तांब्या नाही, अख्खा घाटच विसळायचा!

हा घाट नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधला. इथे लक्ष्मीनारायणाचं देऊळही आहे. पावसाळ्यात गंगा चढू लागते आणि एकेक पायरी पाण्याखाली जाते. हिमालयातून आणि वाटेतल्या शेतांतून वाहून आलेली बारीक माती त्या पाण्यात मिसळलेली असते. पूर उतरला की काशीच्या घाटांवर गाळाचा जाड थर उरतो. मग सफाई कामगार पंप लावतात, गंगेचंच पाणी खेचून नळीतून जोरात सोडतात आणि गाळ पुन्हा नदीत ढकलतात.

आता मला सांगा, ज्या पाण्याने गाळ आणून टाकला, तेच पाणी तो परत घेऊन कसं जातं?

सगळी करामत वेगाची! जोरात वाहणारं पाणी मातीचे कण सोबत नेतं. काठाशी, पायऱ्यांवर ते संथ झालं की कण खाली बसतात. तेच पाणी नळीतून वेगाने सुटलं की कण पुन्हा सुटे होऊन वाहू लागतात. पण हे काम गाळ ओला असतानाच उरकावं लागतं. उन्हात वाळून कण एकमेकांना घट्ट चिकटले, की थर विटेसारखा टणक होतो. जेवल्या जेवल्या ताट विसळून ठेव, असं आजी म्हणते त्यामागेही हेच शास्त्र आहे. भाताचा ओला स्टार्च झटकन निघतो, वाळलेला चिवटपणे चिकटून बसतो.

आणखी एक नवल ऐका. भांड्यातून पाणी कितीही वाहू दे, भांड्याला अगदी लागून असलेला पाण्याचा पातळ थर जवळजवळ हलतच नाही! म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. तांब्या खळखळवावा लागतो, वाटीत हात फिरवावा लागतो. चूळ भरतानाही पाणी गालांत चांगलं घुसळायचं. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि त्या आम्लाने दातांचं कवच झिजतं. चूळ भरली की उरलेली बरीचशी साखर निघून जाते.

मग साबण काय करतो? साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे तेलकटपणा सुटून बारीक थेंब होतात. पण ते थेंब अजून भांड्यातच असतात, बरं का! त्यांना बाहेर काढण्याचं काम विसळण्याचं.

त्यासाठी पाणी मात्र भरमसाट लागत नाही. खोटं वाटतं? करून बघा. दोन पेल्यांत एकेक चमचा बिटाचा रस घ्या. पहिल्यात १२ चमचे पाणी घालून ढवळा आणि तळाशी एक चमचा उरेल इतकं ओतून टाका. १३ चमच्यांतला एकच उरला, म्हणजे रस राहिला १३वा भाग. दुसऱ्यात ६ चमचेच पाणी घाला, ढवळा, पुन्हा एक चमचा ठेवून ओता. राहिला सातवा भाग. आता उरलेले ६ चमचे घालून हेच परत करा. सातव्या भागाचा सातवा भाग, म्हणजे रस राहिला फक्त ४९वा भाग! आणि ४-४ चमचे असं तीनदा केलं तर? १२५वा भाग. पाणी प्रत्येक वेळी १२ चमचेच, पण रंग बघा कसा फिका होत जातो.

म्हणून भांडी विसळताना नळ सोडून ठेवू नका. थोडं पाणी घ्या, जोरात खळखळवा, पूर्ण ओतून टाका आणि पुन्हा थोडं घ्या. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला. साबणाचं पाणी मात्र नदी-ओढ्यात कधीच सोडू नका, कारण तिथल्या माशांना आणि किड्यांना ते बाधतं.