कुरकुर बंद!

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी आठचा सुमार. सौ. पूजेची तयारी करीत होती, मी दाढीला बसलो होतो, आणि आमचे अण्णा (वय वर्षे चौऱ्याऐंशी!) न्हाणीघरात अडकले.

कडी लोखंडी. दोन महिन्यांच्या पावसाने ती अशी गंजली होती की आतून तसूभरही हलेना.

"अण्णा, दार तोडू का?" मी ओरडलो.

"अरे, दाराने काय गुन्हा केलाय? कडीचं बघ." आवाज शांत होता, पण थकलेला. माझ्या पोटात गोळा आला.

गडबड ऐकून समोरच्या बिऱ्हाडातला कॉलेजात जाणारा मुलगा धावत आला. हातात निळा-पिवळा डबा. मोटारसायकलसाठी आणलेला! दारावरच्या झडपेतून त्याने तो दोरीने आत सोडला. "आजोबा, आधी गीझर बंद करा, खिडकी उघडा. मग कडीवर फवारा मारा आणि दहा मिनिटं थांबा."

अण्णांनी बरहुकूम सगळे केले. मग तांब्याचे दोन टोले. खट्! दार उघडले. डबा माझ्या हातात देत अण्णा म्हणाले, "असला एक घरात आणून ठेव. आणि चहा टाका."

त्याच दुपारी डबा घरात आला. नाव डब्ल्यूडी-४०. या नावामागे एक गंमत आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात रॉकेट केमिकल नावाची एक छोटी कंपनी धातूवरचे पाणी हटवणारे औषध शोधत होती. चाळिसाव्या मिश्रणाला यश आले. पाणी हटवणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आणि पुढे चाळीस, हेच त्याचे नाव झाले! 'ॲटलस' क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरीत. कारखान्यातले कामगार ते गुपचूप घरी नेऊ लागले, तेव्हा मालकांचे डोळे उघडले, आणि १९५८ मध्ये फवाऱ्याचे डबे दुकानांत आले. म्हणजे क्षेपणास्त्राचे औषध आमच्या न्हाणीघराच्या कडीला लागले म्हणायचे!

मग काय, माझ्या अंगात कारागीर संचारला. पावसाळ्यानंतर छत्रीच्या काड्या आखडल्या होत्या. सांध्यांवर एकेक फुसकारा मारताच छत्री फटकन उघडली. (कापडावर मात्र उडू देऊ नका, डाग पडतो.) बॅगेची अडलेली चेन सरकली. धाकटीने भिंतीवर मेणखडूने काढलेला हत्ती फडक्याने पुसून निघाला. तिथे तेलकट डाग राहिला, तो साबणाच्या पाण्याने गेला. तुमच्या भिंतीवर आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहा. धनत्रयोदशीला घेतलेल्या स्टीलच्या डब्यावरचे लेबल ओरबाडूनही निघत नाही ना? बाहेरून थोडे फवारा, पाच मिनिटांनी पुसा, आणि साबणाने स्वच्छ घासा. सौ.चे मत असे, की हे काम खोबरेल तेलही करते आणि ते पोटात गेले तरी चालते. तिचे म्हणणे खोटे नाही.

अशा विजयाच्या भरात मी तिच्या शिलाईच्या मशीनकडे वळलो. जिथे भोक दिसले तिथे फवारा! चार दिवस मशीन वाऱ्यासारखे पळाले. पाचव्या दिवशी जड झाले, आठव्या दिवशी अडून बसले. मुलीचे दिवाळीचे परकर-पोलके अर्धवट राहिले. सौ. काही बोलली नाही, हेच जास्त भयंकर होते.

कारागिराने मशीन उघडून मला अक्कल शिकवली. हा द्रव मुख्यतः पातळ विद्रावक आणि थोडे तेल. तो फटीत शिरतो, पाणी हटवतो, गंज व जुना चिकटा मोकळा करतो. मग विद्रावक उडून जातो आणि तेलाचा पातळसा थर तेवढा उरतो. मी मशीनमधले जुने तेल धुऊन काढले होते आणि नवे घातलेच नव्हते! "साहेब, याने सोडवायचं, पुसायचं, आणि मग मशीनला मशीनचंच तेल द्यायचं." हाच नियम सायकलच्या साखळीला आणि दाराच्या बिजागऱ्यांनाही लागू.

वाचकहो, आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा. हा फवारा पेट घेतो. पणती, समई, उदबत्ती, गॅस यांच्या आसपास तो मुळीच वापरू नका. रिकामा डबासुद्धा ठेचू नका, विस्तवात टाकू नका. सायकलच्या ब्रेकवर थेंबही नको, नाहीतर ऐन वेळी ब्रेक लागणार नाही. फरशीवर सांडले तर लगेच साबणाने धुवा, नाहीतर घरात कोणी ना कोणी घसरेल. आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा.

राहता राहिली न्हाणीघराची कडी. खरे सांगायचे तर आषाढातच अण्णा दोनदा म्हणाले होते, "कडी जड लागते रे." मी मनात म्हटले, म्हातारपणाची कुरकुर! बिजागरी कुरकुरली की तिला फवारा मिळतो. माणूस कुरकुरला की आपण वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरतो.

आता तिथे नवी पितळी कडी आहे. बाहेरूनही उघडते. परवा अण्णा म्हणाले, "पंखा जरा आवाज करतोय का रे?"

मी दाढी अर्धी टाकून उठलो.