जरीपटका ते तिरंगा

जरीपटका हे मराठ्यांचे निशाण. नागपुरातील एका वस्तीचे नावही तेच.

१८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. दत्तकाचा हक्क नाकारून इंग्रज गव्हर्नर-जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले.

पुढे इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात, डिसेंबर १९२० मध्ये, नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनाने असहकार चळवळीवर शिक्कामोर्तब केले.

१९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातून चरख्याचा तिरंगा नेण्यास सरकारने मनाई केली. १ मेपासून जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. हजाराहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. बजाजांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेलांनी धुरा घेतली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने झेंडा घेऊन गेली!

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी याच जरीपटका वस्तीत नवे संसार मांडले.