तेरा बाय एकोणीसचा प्रिंटर

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये चित्रकारांच्या टेबलांपुढून एक चक्कर मारली, की या धंद्याचा अंदाज येतो. पारदर्शक पाकिटात, मागे पुठ्ठा घालून ठेवलेले प्रिंट आणि ते चाळणारी गर्दी. दोन-तीन मेळे बरे गेले की चित्रकाराच्या डोक्यात येतंच: दरवेळी दुकानात छापून घेण्यापेक्षा स्वतःचाच मोठा प्रिंटर घेतला तर? मग सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे ऐकीव असतात, आणि काही चांगलेच महागात पडतात.

“मोठे प्रिंट विकायचे तर यंत्रही मोठंच हवं”

आधी ‘मोठं’ म्हणजे किती ते बघू. लार्ज फॉरमॅट म्हटलं की बाजारात साधारणपणे २४ इंच किंवा त्याहून रुंद, रोलवर चालणारी यंत्रं दाखवतात. कॉमिकला तेवढी रुंदी क्वचित लागते. अमेरिकी कॉमिकचं मूळ पान ११ बाय १७ इंचांच्या बोर्डावर काढायची रूढ पद्धत आहे, छापील अंक त्याहून बराच लहान असतो. त्यामुळे ११ बाय १७ चा प्रिंट म्हणजे जवळजवळ मूळ चित्राएवढाच.

खरी मेख पुढे आहे. साधा ए३ कागद ११.७ बाय १६.५ इंचांचा. म्हणजे ११ बाय १७ त्यावर अर्ध्या इंचाने हुकतं. म्हणून ‘ए३ प्रिंटर’ एवढंच ऐकून पैसे देऊ नका. ‘ए३ प्लस’, म्हणजे १३ बाय १९ इंच, घेतो का ते विचारा. त्या कागदावर ११ बाय १७ चं चित्र चारी बाजूंनी ब्लीड (कापण्यासाठी सोडलेला जादा भाग) ठेवून छापता येतं आणि मग कटरने स्वच्छ कापता येतं. बॉर्डरलेस छपाईच्या मोहात पडण्यापेक्षा हे बरं. बॉर्डरलेसमध्ये यंत्र चित्र किंचित फुगवतं, कडेला लिहिलेली सही किंवा संवादाचा फुगा कापला जाऊ शकतो, आणि कागदाबाहेर उडालेली शाई यंत्राच्या पोटात जिरते.

१७ इंची यंत्र घ्यायचं ते ए२ आकाराचे प्रिंट खरोखर विकले जात असतील तरच. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा प्लॉटर बहुतेक वेळा वास्तुविशारदांच्या नकाशांसाठी बनवलेला असतो: चार शाया, पातळ रोल आणि रेघांची कामं. त्यावर त्वचेचे रंग आणि जाड कागद यांची अपेक्षा ठेवणं हा त्या यंत्रावर अन्याय आहे. फ्लेक्सची यंत्रं तर रस्त्यापलीकडून बघायच्या फलकांसाठी असतात. हातात धरून नाकाजवळ नेऊन बघायच्या चित्राचं काम त्यांचं नव्हे.

“डीपीआय जितका जास्त तितका प्रिंट चांगला”

खोक्यावरचा ५७६० बाय १४४० हा आकडा शाईचे थेंब किती बारकाईने बसवता येतात ते सांगतो. तुमच्या फायलीत किती तपशील आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. १३ बाय १९ इंचांवर ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) हवे असतील तर फाइल ३९०० बाय ५७०० पिक्सेलची लागते, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास पिक्सेल. इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेल रुंदीची केलेली फाइल त्याच कागदावर ताणली, तर इंचाला ८३ पिक्सेल उरतात, आणि शाईच्या रेघेला जिने दिसू लागतात. त्यावर कोणत्याही यंत्राकडे औषध नाही. शाईने काढलेलं काळं-पांढरं पान निदान ६०० डीपीआयने स्कॅन करा. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

याच्याच जोडीचा आणखी एक समज: ‘छपाई म्हटली की फाइल सीएमवायके हवी’. ऑफसेट छापखान्यासाठी हे बरोबर आहे. घरच्या इंकजेटचा ड्रायव्हर मात्र आरजीबी फाइलच अपेक्षित धरतो. आधीच सीएमवायके केलेल्या फायलीत लखलखीत निळे-हिरवे मरून गेलेले असतात, आणि सहा-आठ शायांचं यंत्र ते परत आणू शकत नाही.

“डाय शाई उडते, म्हणून पिगमेंटच घ्या”

यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. गायक-छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही संस्था सुरू केली आणि छापखान्यातल्या नमुना-छपाईसाठी बनवलेल्या आयरिस प्रिंटरवर कलाकृती छापायला सुरुवात केली. रंग अप्रतिम होते, पण सुरुवातीच्या त्या डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाया फार लवकर फिकट पडायच्या. ‘डाय म्हणजे कच्ची’ हा शिक्का त्या काळापासून चिकटून राहिला आहे.

आजच्या डाय शाया तेव्हापेक्षा कितीतरी टिकाऊ आहेत. तरी खोक्यावरचा ‘इतकी वर्षं टिकतो’ हा आकडा नीट वाचावा. मोठा आकडा बहुधा अल्बममध्ये, अंधारात ठेवलेल्या प्रिंटचा असतो. काचेमागे भिंतीवर लावलेल्याचा आकडा त्याहून बराच कमी, आणि काचेविना उघड्यावर लावलेल्याचा आणखी कमी. प्रकाशाइतकाच हवेतला ओझोनही डायला छळतो. पिगमेंटचे कण कागदावर बसतात आणि या दोघांनाही जास्त काळ तोंड देतात.

पण कॉमिकवाल्याने टिकण्याच्या आधी काळा रंग बघावा. ‘हेलबॉय’ काढणाऱ्या माइक मिन्योला यांच्यासारखी अर्धं पान काळ्यात बुडवणारी शैली असेल, तर मॅट कागदावर डायचा काळा राखाडीकडे झुकतो आणि चित्राचा जोरच जातो. तोच काळा चकचकीत किंवा लस्टर कागदावर खोल उतरतो. पिगमेंट यंत्रांत मॅट कागदासाठी वेगळी मॅट काळी शाई असते, आणि तिथे तिला तोड नाही. तेव्हा माझं मत असं: चकचकीत, रंगीत, दोन-चारशे रुपयांना विकायच्या प्रिंटला सहा शायांची डाय टाकी पुरते. सही-क्रमांक घालून, जाड मॅट कागदावर, हजारांच्या भावाने विकायचं असेल तर पिगमेंट. आणि डायवर छापलेला प्रिंट ‘आर्काइव्हल’ म्हणून विकू नये, एवढा प्रामाणिकपणा पाळावा.

“यंत्र स्वस्त मिळालं, काम झालं”

शाईचा हिशेब मांडून बघा. १३ बाय १९ म्हणजे सुमारे १.७ चौरस फूट. भरगच्च रंगीत चित्राला चौरस फुटामागे ढोबळमानाने १ ते २ मिलीलिटर शाई धरली, तर एका प्रिंटला अडीच मिलीच्या आसपास लागते. कॅननच्या प्रो-३०० या पिगमेंट यंत्रात १४.४ मिलीची दहा काडतुसं बसतात, म्हणजे सगळी मिळून १४४ मिली. पन्नास-साठ मोठे प्रिंट निघाले की संच संपत आला म्हणायचं, आणि त्याआधीच एखादा रंग खुंटलेला असतो. एप्सनच्या एल१८०५० सारख्या ए३ प्लस टाकीवाल्या यंत्रात सहा रंग बाटल्यांतून भरतात, तिथे हा खर्च एकदम उतरतो. म्हणून यंत्राच्या किमतीआधी शाईच्या पूर्ण संचाची किंमत विचारा.

सेकंडहँड घेताना एक खबरदारी. एप्सनचा जुना एल१८०० आपल्याकडे मग आणि टी-शर्ट छापणाऱ्यांनी सर्रास वापरला आहे, त्यात सब्लिमेशनची शाई भरून किंवा तो डीटीएफसाठी (फिल्मवरून कापडावर छपाईसाठी) बदलून. टाकीत काय होतं ते विचारल्याशिवाय असा प्रिंटर घरी आणू नका. नळ्यांत उरलेली दुसरी शाई तुमचे सगळे रंग बिघडवते.

कागदाबद्दलही असंच. डिजिटल प्रेसवर ३०० जीएसएम आर्ट कार्ड छान दिसतं, म्हणून तेच रिम घरी आणणारे भेटतात. प्रेसवर टोनर असतो, तो कागदावर भाजून बसतो. इंकजेटची पाणीदार शाई त्या गुळगुळीत थरात शिरतच नाही. काळ्या भागात तळी साचतात आणि दुसऱ्या दिवशीही बोट फिरवलं की ओरखडा उठतो. इंकजेटसाठी लेप दिलेलाच कागद हवा, आणि पावसाळ्यात तो बंद पिशवीत. कोकणात-गोव्यात तर हे विसरून चालणारच नाही. दमट हवेत कागदाच्या कडा उचलल्या जातात, हेड त्यांना घासतं आणि कडेला काळे फराटे येतात.

“कमी वापरला तर जास्त टिकतो”

उलट आहे. मेळ्यांचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यातला. मधले महिने यंत्र झाकून ठेवलं की शाई नोझलमध्ये सुकते. मग हेड क्लीनिंगवर हेड क्लीनिंग, आणि प्रत्येक वेळी चांगली शाई वेस्ट पॅडमध्ये. पॅडचा काउंटर भरला की यंत्र अडून बसतं. काही नव्या यंत्रांत तो डबा आपल्याला बदलता येतो, बाकीच्यांना सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. आठवड्यातून एक नोझल चेक आणि एखादं रंगीत पान, एवढं केलं तरी पुष्कळ.

“घरी छापलं की वाचलेच पैसे”

समजा यंत्र ५०,००० चं, दुकानात प्रिंट ६० ला पडतो आणि घरी ३५ ला. फरक २५ रुपये. म्हणजे यंत्राचे पैसे सुटायला २,००० प्रिंट विकायला हवेत, आणि बिघडलेली पानं यात धरलेलीच नाहीत. आकडे तुमच्या गावचे घाला, पण हे गणित कराच. एकाच चित्राच्या दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल प्रेसवालाच परवडतो. तीस वेगवेगळी चित्रं, प्रत्येकाच्या पाच प्रती, आणि जे संपेल तेवढंच परत छापायचं, असं असेल तर घरचा प्रिंटर खरा उपयोगी पडतो.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःचं एक चित्र न्या: मोठा काळा भाग, एक सपाट रंग आणि एक चेहरा असलेलं. विकायचा तोच कागद बरोबर न्या, त्यावर छापून घ्या आणि प्रिंट दुकानाबाहेर उन्हात बघा. सपाट रंगात आडवे पट्टे दिसले तर नोझल चेक मागा. हेड बदलायला किती पडतात तेही विचारा, आणि दुकानदार सांगेल तो आकडा यंत्राच्या किमतीशेजारी लिहून घ्या.