ओसरीवरची धोकटी

खेडेगावात न्हावी घरोघर येत असे, तेव्हा तो यजमानाकडे मागे काय? बसायला ओसरी आणि वाटीभर पाणी. वस्तरा, कातर, कंगवा, आरसा, सगळं त्याच्या धोकटीत. काम आटोपलं की धोकटी गुंडाळून तो चालू लागे. घरातली वस्तू जागची हललेली नसे. आजचा विषय संगणकाचा आहे, तरी ही धोकटी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने मॅकिंटॉश हा लहानसा संगणक विक्रीला आणला. त्याची स्मृती अवघी १२८ किलोबाइट, आणि एका वेळी एकच आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, चालावा अशी रचना. पण माणसाचं काम असं एकसुरी कुठे असतं? पत्र लिहिता लिहिता बेरीज करावी लागते, काही टिपून ठेवावं लागतं. त्यासाठी ‘डेस्क ॲक्सेसरी’ निघाल्या. आपण त्यांना उपसाधनं म्हणू. गणकयंत्र, गजराचं घड्याळ, टिपणवही असे हे चिमुकले प्रोग्रॅम मुख्य प्रोग्रॅम बंद न करता त्याच्या शेजारी उघडत. सरकत्या आकड्यांचं एक कोडं तर सुमारे ६०० बाइटांत बसवलं होतं. इंग्रजी सहाशे अक्षरं, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर!

आता यातला धोका पाहा. हे पाहुणे यजमानाच्याच घरात राहात. यंत्राच्या मेंदूत ‘ए-५’ नावाचा एक कप्पा असे. चालू प्रोग्रॅमचं कोठार स्मृतीत कुठे आहे, तो पत्ता त्यात लिहिलेला. नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅम ‘ए-५ म्हणजे माझंच कोठार’ असं गृहीत धरतो. उपसाधनाने तसं धरून आपली बेरीज तिथे ठेवली, तर ती पत्रलेखनाच्या प्रोग्रॅमच्या सामानावर जाऊन पडायची. मध्ये भिंत नव्हती. मग यंत्र अडून बसे, आणि जतन न केलेलं पत्र गेलं ते गेलंच. बिचाऱ्या लिहिणाऱ्याला कळतही नसे की चूक पत्राच्या प्रोग्रॅमची नव्हे, गणकयंत्राची होती.

यावर तोड अशी होती. प्रत्येक उपसाधनाने आपलं सामान एका गाठोड्यात बांधावं. त्या गाठोड्याचा पत्ता यंत्रणा सांभाळील आणि दर वेळी हाक मारताना तो त्याच्या हाती देईल. ही आपली धोकटीच की! आणि ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तुनिष्ठ, पद्धतीचं मूळ तत्त्व तरी दुसरं काय आहे? माहिती आणि तिच्यावर करायच्या क्रिया एकत्र बांधायच्या. बाहेरच्याने आत हात घालायचा नाही, फक्त निरोप द्यायचा. नॉर्वेच्या डाल आणि न्यूगोर या दोघांनी ‘सिम्युला ६७’ भाषेत ही कल्पना रुजवली होती. उपसाधनाकडे नेमके निरोपच येत: खिडकीत टिचकी मारली, ठरलेला वेळ झाला, आता बंद हो. म्हणजे उपसाधन लिहिणारा नकळत अर्धाअधिक याच वाटेवर होता.

पुढची पायरी वारशाची. खिडकी उघडणं, हलवणं, मिटणं हे सर्व उपसाधनांना सारखं. ते एकदाच लिहावं. घड्याळाने आणि वहीने आपापल्यापुरता फरक तेवढा सांगावा. आमच्या वर्गात मुलं वारशाची व्याख्या घडाघडा म्हणतात, पण ‘यात वाचलं काय?’ म्हटलं की गप्प!

मात्र हे फुकट नाही. कोणत्या निरोपाला कोणती क्रिया, याची तक्ती स्मृतीत ठेवावी लागते आणि दर वेळी ती पाहावी लागते. सहाशे बाइटांच्या कोड्यासाठी एवढा सरंजाम म्हणजे बारशाला लग्नाचा मांडव. तिथे शिस्त घ्यावी, सरंजाम सोडावा, असं माझं मत. पण एकाच वेळी तीन खिडक्या उघडणारी टिपणवही करायची असेल, तर प्रत्येक खिडकीची वेगळी धोकटी हवीच. नाहीतर एकीतली ओळ दुसरीत उमटायची.

१९८९ मध्ये मॅकिंटॉशवर ‘थिंक सी’ची चौथी आवृत्ती आणि आयबीएमच्या धर्तीच्या यंत्रांवर ‘टर्बो पास्कल ५.५’ आली, तेव्हा ही पद्धत घरी बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती पडली. ‘थिंक सी’ने तर उपसाधनाच्या सामानासाठी ए-५ सोडून ‘ए-४’ हा कप्पा वापरला. १९९१ च्या ‘सिस्टिम ७’पासून प्रत्येक उपसाधन स्मृतीच्या स्वतःच्या भागात उघडू लागलं. ओसरीवरच्या पाहुण्याला खोली मिळाली.